काठ पुरेसा केव्हा असतो? लोणार, भास्कराचार्य आणि सीमा-समाकल पद्धती

मराठी समीक्षेत 'केंद्र' आणि 'परीघ' हे शब्द आता इतके रुळले आहेत की ते मुळात भूमितीतून आले आहेत, याचे भानही सहसा उरत नाही. परिघावर उभे राहिले की केंद्र अधिक स्पष्ट दिसते, काठावरचा आवाज ऐकला की आतल्या व्यवस्थेचे स्वरूप कळते, अशा अर्थाची विधाने आपण वर्गात करतो आणि लेखांतही करतो. ती चुकीची आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती कोणत्या अटींवर खरी ठरतात, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. गणितात मात्र हा प्रश्न गेली दोनशे वर्षे काटेकोरपणे विचारला गेला आहे. 'काठावरचे सर्व काही ठाऊक असेल तर आतले सांगता येईल काय?' या प्रश्नातून सीमा-समाकल पद्धती नावाचे गणनशास्त्र उभे राहिले आणि विमानाच्या पंखाभोवतीची हवा, जमिनीखालचे पाणी, दाट द्रवातून सरकणारा थेंब यांची आकडेमोड त्यावर होऊ लागली. या पद्धतीचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांसमोर ठेवावा, आणि तो बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या काठावरून सांगावा, असा या लेखाचा हेतू आहे. लोणार निवडण्याचे कारण असे, की काठावरून आतले ओळखण्याचा मोह आणि त्या मोहाची मर्यादा ही दोन्ही तेथे एकाच जागी पाहावयास मिळतात.

विवर आणि त्याचे झाकण

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटरांच्या आसपास खोल आहे. भोवतालच्या सपाट भूमीपेक्षा त्याची कड थोडी उचललेली आहे. तळाशी खारे, अत्यंत अल्कधर्मी पाणी. दख्खनच्या सुमारे ६.६ कोटी वर्षे जुन्या बेसाल्टमध्ये इतका वाटोळा खड्डा कसा पडला, हे कोडे पाहणाऱ्या प्रत्येकाला पडले असणार. लोककथेने त्याचे उत्तर दिले ते असे: लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली राहत होता. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात येऊन पायाच्या अंगठ्याने त्याच्या विवराचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. ते झाकण धाकेफळजवळ जाऊन पडले आणि त्याची टेकडी झाली. लोणार गावातील दैत्यसूदनाचे मंदिर या कथेची आजही साक्ष देते.

या कथेत एक छुपे गणित आहे. खड्डा आणि झाकण यांचे माप जुळते, म्हणून हे झाकण त्या खड्ड्याचेच. बाहेर पडलेले द्रव्य आणि आत उरलेली पोकळी यांची तुलना करून आत काय घडले ते ठरवायचे, असा हा युक्तिवाद आहे. तो अडाणी मानून सोडून देण्याजोगा नाही. पुढे एका थोर भूवैज्ञानिकाने नेमका तोच केला.

ऐन-इ-अकबरीत लोणारच्या परिसराची दखल आहे ती काच आणि साबण यांना लागणाऱ्या द्रव्यांसाठी. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक निरीक्षकांनी हे विवर ज्वालामुखीशी जोडले, आणि त्यात नवल नाही. सारे दख्खन लाव्हाचे, तेव्हा त्यातला वाटोळा खड्डाही अग्नीचाच, हे अनुमान साहजिक होते.

१८९१ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट अॅरिझोनातील कून ब्यूट येथील तशाच वाटोळ्या खड्ड्यापाशी गेला. त्याच्यापुढे दोन पर्याय होते: आकाशातून पडलेला पिंड किंवा भूमीखालच्या वाफेचा स्फोट. त्याने दोन कसोट्या लावल्या. पिंड आत गाडलेला असेल, तर खड्ड्याची काही जागा त्याने व्यापलेली असणार. म्हणजे कडेवर उसळून पडलेल्या द्रव्याचे घनफळ पोकळीच्या घनफळापेक्षा जास्त भरले पाहिजे. शिवाय लोखंडाचा एवढा गोळा आत असेल तर चुंबकसूची विचलित झाली पाहिजे. त्याने मोजमाप केले. दोन्ही घनफळे सारखी भरली आणि सूची हलली नाही. गिल्बर्टने वाफेच्या स्फोटाच्या बाजूने निर्णय दिला. १८९६ मध्ये गृहीतके कशी जन्मतात या विषयावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने ही सारी हकीकत मांडली. कून ब्यूट आणि लोणार यांच्यातील साम्य नोंदवणाराही तोच.

मोजमाप निर्दोष होते, तर्कही शुद्ध होता, पण निष्कर्ष चुकला. प्रचंड वेगाने आदळणारा पिंड आघाताच्या उष्णतेने बव्हंशी वितळून आणि वाफ होऊन जातो, तो आत शाबूत राहत नाही, ही गोष्ट त्या काळी ठाऊक नव्हती. काठावरचे आकडे खरे होते. काठाला आतल्याशी जोडणारा नियम मात्र चुकीचा धरला गेला होता. अॅरिझोनाच्या विवराचा निर्णय अखेर १९६० मध्ये कोएसाइट या खनिजाच्या शोधाने लागला; प्रचंड दाबाखेरीज ते तयार होत नाही. लोणारचा निर्णय १९७३ मध्ये लागला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 'सायन्स' या नियतकालिकात विवराच्या तळातून वेधन करून काढलेल्या नमुन्यांचा अहवाल दिला. त्यांत आघाताने काचेत रूपांतरित झालेले फेल्डस्पार, म्हणजे मॅस्केलिनाइट, आढळले. विवराच्या वयाचा अंदाजही पुढे बदलला. एकेकाळी ते सुमारे पन्नास हजार वर्षांचे मानले जात असे. आर्गॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या नंतरच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले.

चेंडूवरचे जाळे

आता थोडे पश्चिमेकडे वळू. बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा शिलालेख आहे. शके ११२८ च्या या लेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठाला दाने दिल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांचे विज्जडविड हे गाव नेमके कोणते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु सह्याद्रीच्या आश्रयाचा त्यांचा स्वतःचा उल्लेख आणि हा शिलालेख यांमुळे त्यांचे नाव या प्रदेशाशी कायमचे जोडले गेले आहे.

शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, पूर्ण झालेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त गोलाचे पृष्ठफळ आणि घनफळ यांचे नियम आले आहेत. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ. त्याला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ. पृष्ठफळाचे वर्णन करताना 'लीलावती'त चेंडूभोवती गुंडाळलेल्या जाळ्याची उपमा येते. पूर्वाचार्य लल्ल यांचा पृष्ठफळाचा नियम चुकीचा कसा, हे सांगताना भास्कराचार्यांनी कापडाचा साधा दाखला दिला: गोलाच्या अर्ध्या परिघाइतका व्यास असलेले वाटोळे कापड अर्ध्या गोलावर पसरले तर तो झाकून काही कापड उरतेच. लल्लांचे उत्तर मात्र या कापडाच्या मापाच्याही पलीकडे जाते.

घनफळाच्या नियमाची त्यांनी दिलेली उपपत्ती आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पृष्ठभागाचे लहान लहान तुकडे पाडावेत. प्रत्येक तुकडा पाया धरावा आणि गोलाचा मध्य टोक धरून सूच्या, म्हणजे निमुळत्या आकृती, कल्पाव्यात. प्रत्येक सूचीचे घनफळ पायाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणून तीनने भागले की मिळते, आणि उंची सर्वत्र व्यासाच्या निम्मी. सर्वांची बेरीज केली की पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा. येथे आतल्या अवकाशाची मोजणी संपूर्णपणे पृष्ठभागावरील बेरजेत उतरवली आहे. भास्कराचार्यांना सीमा-समाकल पद्धती ठाऊक होती असा दावा आम्ही करत नाही. तसा दावा इतिहासाला आणि त्यांनाही अन्यायकारक होईल. त्यांच्यापासून युरोपातील या विचारापर्यंत कोणतीही साखळी दाखवता येत नाही. पण पृष्ठभागाला जाळ्याने तुकड्यांत विभागणे, प्रत्येक तुकड्याचे आतल्या बिंदूशी नाते जोडणे आणि मग बेरीज करणे, ही तीन पावले आजच्या पद्धतीतही याच क्रमाने येतात, हे लक्षात ठेवावे.

गिरणीवाल्याचा निबंध

१८२८ मध्ये नॉटिंगहॅम येथे वर्गणीदारांच्या आधारावर एक निबंध छापला गेला. विषय वीज आणि चुंबकत्व यांना गणिताचा उपयोग हा होता. लेखक जॉर्ज ग्रीन, जवळच्या स्नेंटन येथील गिरणीवाला. त्याचे शालेय शिक्षण अगदी थोडे झाले होते. वर्गणीदार एक्कावन्न, त्यांतील फार थोड्यांना तो समजला असेल. ग्रीन १८४१ मध्ये वारला. १८४५ मध्ये विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिनच्या, हाती त्या निबंधाच्या प्रती लागल्या आणि त्याच्या खटपटीने तो बर्लिनच्या गणितपत्रिकेत पुन्हा छापला गेला. गणिताच्या जगातील परिघावरचा हा माणूस केंद्राला कळला तो मरणोत्तर.

ग्रीनने दाखवले ते असे. एखाद्या प्रदेशात विभव नावाची राशी पसरली आहे आणि तिचे उगम त्या प्रदेशाच्या आत कोठेही नाहीत, असे धरा. एका बिंदूतील एकक उगमाचा परिणाम अंतरानुसार कसा घटतो, हेही ठाऊक आहे. मग आतल्या कोणत्याही बिंदूतील विभव हे सीमेवरील विभव आणि सीमेतून होणारा त्याचा प्रवाह या दोहोंच्या, त्या परिणामाने तोललेल्या, बेरजेने मिळते. आत डोकावण्याची गरज राहत नाही.

यात एक अडचण आहे आणि तिचे उत्तर फार सुंदर आहे. सीमेवरच्या या दोन्ही गोष्टी सहसा आपल्याला ठाऊक नसतात, एकच असते. दुसरी मिळवायची कशी? आतला बिंदू सरकवत सरकवत थेट काठावर आणावा. मग समीकरणात त्या बिंदूचे स्वतःचे मूल्य पूर्ण न येता निम्मे येते, कारण गुळगुळीत काठावरचा बिंदू निम्मा आत आणि निम्मा बाहेर असतो. कोपऱ्यावर हे प्रमाण कोनानुसार बदलते. आता समीकरणात फक्त काठावरच्याच राशी उरतात. काठाचा प्रत्येक बिंदू काठाच्या प्रत्येक दुसऱ्या बिंदूशी बांधला जातो आणि अज्ञात गोष्ट या परस्परसंबंधांतूनच निश्चित होते. अशा समीकरणांना उत्तर असते केव्हा, याचा पायाभूत सिद्धांत स्वीडनच्या इव्हार फ्रेडहोमने १९०० ते १९०३ या काळात मांडला.

सिद्धांत झाला, पण आकडेमोड माणसाच्या हाताने होण्यासारखी नव्हती. ती यंत्रगणकांची वाट पाहत राहिली. १९६० च्या दशकात डग्लस विमान कंपनीतील जॉन हेस आणि ए. एम. ओ. स्मिथ यांनी विमानाच्या पृष्ठभागाचे चौकोनी तुकडे पाडून भोवतीच्या प्रवाहाची गणना केली. १९६३ मध्ये जॅसवन आणि सिम यांनी विभवाच्या प्रश्नांसाठी आणि १९६७ मध्ये रिझो याने स्थितिस्थापकतेसाठी हाच मार्ग घातला. १९७५ मध्ये यंग्रेन आणि अॅक्रिव्होस यांनी अतिशय दाट, संथ द्रवातील कोणत्याही आकाराच्या कणाभोवतीचा प्रवाह असा काढला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'सीमा-घटक पद्धती' हे नाव रूढ झाले. १९८३ मध्ये लिगेट आणि लिऊ यांनी सच्छिद्र भूमीतून वाहणाऱ्या पाण्यासाठी या पद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

पद्धतीचा लाभ उदाहरणाने कळेल. बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणाऱ्या पैनगंगेवर पूल आहे आणि त्याच्या खांबाभोवती पाणी कसे वळते ते काढायचे आहे, असे समजा. एक मार्ग असा, की नदीच्या साऱ्या अवकाशाचे लहान ठोकळे पाडावेत आणि प्रत्येकातील वेग काढावा. दुसरा असा, की फक्त खांबाच्या पृष्ठभागाचे तुकडे पाडावेत, प्रत्येकावर अज्ञात तीव्रतेचा एक काल्पनिक उगम ठेवावा आणि एकच अट घालावी: पाणी दगडात शिरत नाही. जितके तुकडे, तितके अज्ञात आणि तितकीच समीकरणे. घनाच्या प्रत्येक बाजूचे शंभर भाग केले, तर आत दहा लाख ठोकळे होतात आणि पृष्ठभागावर फक्त साठ हजार चौकोन. हा नफा मोठा आहे, पण फुकटचा नाही. ठोकळ्याला फक्त शेजारच्या ठोकळ्यांशी कर्तव्य असते. काठावरच्या चौकोनाला मात्र उरलेल्या प्रत्येक चौकोनाची दखल घ्यावी लागते. साठ हजार चौकोनांचे परस्परसंबंध तीनशे साठ कोटी होतात. ग्रीनगार्ड आणि रोखलिन यांनी १९८७ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला: दूरच्या तुकड्यांचा परिणाम एकेकट्याने न मोजता त्यांचे गट करून एकत्रित मोजावा. जवळच्यांची बारकाईने आणि दूरच्यांची समूहाने दखल घेणारी ही युक्ती आल्यावर पद्धतीचे क्षेत्र पुन्हा विस्तारले.

आणि याच पैनगंगेला पूर आला की पद्धतीची मर्यादाही दिसते. खांबामागे भोवरे सुटतात. हे भोवरे काठाशी जन्मले तरी पुढे आतल्या पाण्यात स्वतंत्रपणे वावरतात, एकमेकांत गुंततात. त्यांचा हिशोब निव्वळ काठावरच्या बेरजेत मावत नाही. आत शिरावेच लागते.

तीन अटी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. काठ पुरेसा केव्हा असतो? इतिहासाने तीन अटी स्पष्ट केल्या आहेत. पहिली, काठ पूर्ण हवा. निम्म्या काठावरून भागत नाही. दुसरी, काठाला आतल्याशी जोडणारा नियम आधीच ठाऊक हवा. तिसरी, आत अज्ञात उगम नकोत. गिल्बर्ट दुसऱ्या अटीवर चुकला. आणि तिसरी अट मोडली की अनिश्चितता अटळ असते. एकाच वस्तुमानाचा भरीव गोल आणि पोकळ गोल बाहेरून सारखेच आकर्षण दाखवतात, हे न्यूटनपासून ठाऊक आहे. बाहेरचे मोजमाप कितीही अचूक केले तरी आत भरीव आहे की पोकळ, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी वेधनच करावे लागते, जसे लोणारला करावे लागले.

साहित्याच्या अभ्यासात याची समांतर उदाहरणे आहेत, आणि त्यांतले एक लोणारच्या काठावरच आहे. चक्रधरस्वामींच्या लोणार येथील वास्तव्याच्या आठवणी महानुभावांच्या परंपरेने जपल्या. स्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसांकडून लीळा गोळा केल्या. स्थानपोथीने त्याहून वेगळे काम केले: स्वामी कोठे बसले, कोठे निजले, देऊळ कोणत्या दिशेला, ओटा कोठे, याची नोंद. जे मध्यवर्ती होते ते निघून गेले. त्याच्या भोवतीच्या जागांचे माप तेवढे राहिले. महानुभाव वाङ्मयाचे संपादक वि. भि. कोलते याच जिल्ह्यातील नरवेलचे. त्यांचा जन्म १९०८ चा आणि त्यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ चे. मूळ प्रत हरवलेल्या ग्रंथाचे संपादन करणाऱ्याला हाती असलेल्या पोथ्यांवरून आतला पाठ ठरवावा लागतो. तेथेही त्याच अटी लागू होतात. उपलब्ध पोथ्या पुरेशा आहेत काय? लेखनिकाच्या हातून शब्द कसा बदलतो, याचा नियम ठाऊक आहे काय? आणि वाटेत कोणी आपल्या पदरचे घातले असेल, म्हणजे परंपरेच्या आत नवा उगम असेल, तर तो ओळखण्याची सोय आहे काय? चांगला पाठसंपादक या प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय पुढे जात नाही.

म्हणून परिघाविषयी बोलणाऱ्या समीक्षेकडूनही आम्ही एवढीच अपेक्षा करू. काठावरच्या साहित्यातून केंद्राचे स्वरूप कळते असे म्हणताना आपण कोणता नियम गृहीत धरला आहे, ते सांगावे. ग्रामीण, दलित किंवा आदिवासी लेखन हे केंद्राने केलेल्या आघाताचे केवळ मोजमाप मानले, तर त्या लेखनाचे स्वतःचे उगम आपण शून्य धरतो. गणितात ती सोय आहे. साहित्यात तो अन्याय आहे. परिघावरच्या माणसाला स्वतःचे अंतरंग असते, आणि त्याचे लेखन वाचायचे ते आधी त्या अंतरंगासाठी.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. पाण्याची पातळी घटली होती, क्षारता वाढली होती. सरोवराला बाहेर जाणारा प्रवाह नाही. झरे आणि पाऊस यांतून येणारे पाणी आणि बाष्प होऊन जाणारे पाणी एवढाच त्याचा व्यवहार. तो सारा सीमेवर मोजता येतो आणि त्यावरून पातळीचा हिशोबही मांडता येतो. रंगाचे कारण मात्र पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना पाण्याच्या नमुन्यात सापडले. क्षारप्रेमी सूक्ष्मजीव वाढले होते आणि त्यांच्यातील रंगद्रव्याने सरोवर रंगले होते. त्याच वर्षी लोणारला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. काठावरून पातळी कळली, क्षारतेचा अंदाजही करता आला असता. पण आत जगणारे जीव काय करतील, हे पाण्यात हात घातल्यावरच समजले.